जिना दर शनिवारी, पिस्तूल मागेल तेव्हा

२२ नोव्हेंबर, शनिवार. मागच्या खोलीतल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला आहे. त्यावर सुटं केलेलं पिस्तूल, एक टूथब्रश, नवऱ्याच्या फाटक्या बनियनच्या चिंध्या. चहा मुद्दाम लांब, खिडकीत ठेवलाय. शिशाच्या हातांनी कप धरायचा नाही, एवढी अक्कल मला आहे.

आमच्या नेमबाजी क्लबच्या भिंतीवर एक नोटीस आहे. ओतीव शिशाच्या गोळ्या वापरणाऱ्यांनी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल उशिरात उशिरा तीनशे फैरींनंतर साफ करावं. खाली सही आणि शिक्का. नव्या लोकांना वाटतं, हा आकडा कुठल्या तरी जाड पुस्तकातून आला. तो आला एका म्हाताऱ्यामुळे, ज्याला आकडाच नको होता, आणि थोडासा माझ्या सासूबाईंमुळे. माझ्यामुळे किती, ते पुढे येईलच.

म्हातारा आमचा घरमालक. जर्मनीत, झिंडेलफिंगेनमधल्या गाड्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं टूलमेकर होता. निवृत्त झाला, बायको गेली, तळमजल्यावर एकटा राहायचा. वर आम्ही. त्याचं स्वच्छतेचं वेड पहिल्याच आठवड्यात कळलं. इथे केअरवोखे नावाचा प्रकार असतो. ज्याच्या दाराला ती लाकडी पाटी लटकेल, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. पहिल्यांदा पाटी आमच्याकडे आली तेव्हा मी जिना झाडला, पुसला, वर आले. दहा मिनिटांनी बेल. दारात म्हातारा, तर्जनी वर धरून. तर्जनीवर धूळ.

"कठड्याची खालची बाजू," तो म्हणाला.

"तिथे कोण बघतं?"

"मी."

हा माणूस कचऱ्याचे डबे आतून पुसायचा. बागेतला पाण्याचा पाइप साबणाने धुवायचा. फुटपाथवरचं पान दिसलं की चपला घालून बाहेर. आणि हाच माणूस स्वतःचं पिस्तूल साफ करायला तयार नसायचा.

आमची खरी ओळख वासावरून झाली. बागेतल्या शेडमधून वितळलेल्या धातूचा वास आला आणि मी खाली गेले. मी कोल्हापूरची. शाळेच्या वाटेवर तीन फौंड्र्या होत्या, आणि आज इथे गाड्यांच्या ब्रेकची कास्टिंग तपासणं हेच माझं पोट भरायचं काम. आत म्हातारा एप्रन घालून, दार-खिडकी सताड उघडी ठेवून गोळ्या ओतत होता. टायरवाल्याने दिलेली जुनी शिशाची वजनं वितळवायची, पळीने साच्यात ओतायची, साचा उघडायचा, दोन गोळ्या टप्‌टप् फडक्यावर. मी एक उचलून बघितली.

"सुरकुत्या आहेत. साचा थंड आहे तुमचा."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्याच्या जिन्यावर चिखलाचे बूट घेऊन उभी आहे. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दारात एक गोळी ठेवलेली, खाली चिठ्ठी: 'आता?' मी चिठ्ठीवर लिहिलं: 'आता गरम जास्त. पांढरट दिसते.' चौथ्या दिवशी गोळी उत्तम होती आणि मला क्लबमध्ये यायचं आमंत्रण होतं.

वर्षभराने मी सभासद झाले. त्यानंतर परीक्षा, कागद, पोलिसांची तपासणी, घरात तिजोरी, हे सगळं यथासांग झालं आणि माझा परवानाही आला. नवऱ्याने विचारलं, "हे सगळं कशाला?" मी म्हटलं, "तू गोल्फ खेळतोस तेव्हा मी विचारते का?"

क्लबमध्ये पिस्तूल कधी साफ करायचं यावर दोन पंथ होते. पहिला अध्यक्षांचा: प्रत्येक सरावानंतर, पूर्ण, नळीच्या आतून. दुसरा म्हाताऱ्याचा: मागेल तेव्हा. त्या पंथात तो एकटाच होता.

मागेल तेव्हा म्हणजे काय, हे तो कुणी न विचारताही सांगायचा. ओतीव गोळीला मेण लावलेलं असतं. शिसं आणि मेण मिळून नळीच्या आत एक पातळ थर बसतो. तो बसला की गोळ्या एका जागी जायला लागतात. रोज खरवडलात तर रोज पहिल्यापासून सुरुवात. म्हणून दर सरावाला फक्त गोळी जिथून आत सरकते तेवढी जागा चिंधीने पुसायची, दोन मिनिटांचं काम. नळीला हात लावायचा नाही. नेम फाकायला लागला किंवा स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, आळसावून बंद व्हायला लागली, की समजायचं, मागतंय. दर दहा फैरींनी तो पिस्तूल रिकामं करायचा, स्लाइड कानाशी धरून मागेपुढे करायचा, डॉक्टरासारखा मान हलवायचा.

"तुम्ही प्रत्येक घासानंतर दात काढून धुता का?" तो अध्यक्षांना विचारायचा.

"मी नाही," अध्यक्ष म्हणायचे. "माझे निघत नाहीत. तुमचे निघतात."

म्हाताऱ्याची कवळी जगजाहीर होती. तो हसायचा नाही. "गेनाऊ," म्हणायचा, म्हणजे अगदी बरोबर, आणि पुढची दहा भरायचा.

आता तव्याची गोष्ट सांगायला हवी.

सासूबाई दर दोन वर्षांनी तीन महिने येतात. एकदा येताना त्यांनी सामानातून बिडाचा तवा आणला. त्यांचा स्वतःचा, अठरा वर्षं वापरलेला, काळा, गुळगुळीत, घावन आपोआप सुटेल असा. एके दिवशी तेलाचं बोट फिरवून त्यांनी तो बाल्कनीत ठेवला आणि फडकं वाळत घालताना त्यांच्याच हाताने तो खाली बागेत पडला. संध्याकाळी तवा आमच्या दारात. चांदीसारखा पांढरा. म्हाताऱ्याने काथ्या, पावडर, काय काय घेऊन दोन तास घासला होता. सोबत चिठ्ठी: 'आभार नकोत.'

सासूबाई तवा मांडीवर घेऊन बसल्या. "अठरा वर्षं गं! अठरा वर्षं मी याला साबण दाखवला नाही!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी म्हाताऱ्याला वर बोलावलं, समोर बसवलं आणि त्याच तव्यावर घावन घातले. एकही सुटेना. चिंध्या निघाल्या. त्या चिंध्या त्याच्या ताटात वाढत त्या मराठीत म्हणाल्या, "बघा मालक, काय करून ठेवलंत." मी भाषांतर केलं. म्हाताऱ्याने चार घावनांच्या चिंध्या खाल्ल्या, तवा उलटसुलट पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे माझ्या नळीसारखं," तो म्हणाला.

एवढं समजलेला तो त्या इमारतीतला एकटाच माणूस निघाला. मला ते ऐकूनही समजलं नव्हतं, हे दोन वर्षांनी सिद्ध झालं.

तीन वर्षांपूर्वी वसंतात म्हाताऱ्याचं पिस्तूल सरावात दोनदा अडकलं. तो म्हणाला, मॅगझीनची स्प्रिंग. अध्यक्ष म्हणाले, घाण. बैठक झाली. अध्यक्षांनी ठराव मांडला की क्लबमध्ये ओतीव गोळ्या बंद, विकतच्या वापरा. म्हाताऱ्यासाठी याचा अर्थ सरळ होता. मंगळवारी ओतणं, गुरुवारी मेण लावणं, शनिवारी झाडणं, असा त्याचा आठवडा होता. त्यातून गोळ्या काढल्या तर उरत होता जिना.

तो उभा राहिला. "या नळीतून तीनशे फैरी गेल्यात, न साफ करता. ऑक्टोबरमध्ये तुमच्यासमोर आणखी शंभर झाडतो. एकदा जरी अडकलं, तर साचे मी स्वतः तुमच्या टेबलावर ठेवतो. नाही अडकलं, तर तुमचं तोंड बंद."

ठरलं. त्याने पिस्तूल तिजोरीत ठेवलं आणि उन्हाळाभर क्लबचं दुसरं वापरलं. सप्टेंबरात तो स्वतःच पुसलेल्या जिन्यावरून घसरला. खुब्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या तळघरात ओल असते, म्हणून दवाखान्यात जायच्या आधी रीतसर कागद करून त्याने पिस्तूल माझ्या तिजोरीत ठेवायला दिलं. स्ट्रेचरवरून तीन वाक्यं बोलला. "बाहेरून कोरडं फडकं. आत हात घालायचा नाही. आणि या आठवड्याचा जिना माझा आहे, तो तुम्ही करा."

आणि दसरा आला. सासूबाई इथेच होत्या.

खंडेनवमीला आमच्याकडे ताटात लॅपटॉप, गाडीची किल्ली, माझा व्हर्नियर आणि विळी असते. सासूबाईंनी ताट पाहिलं. "खरं हत्यार घरात असताना किल्लीला कुंकू लावायचं?"

"आई, ते दुसऱ्याचं आहे."

"मग तर जास्तच नीट मांडायला हवं. बघू तरी."

मी तिजोरी उघडली, रिकामं असल्याचं दोनदा तपासलं, स्लाइड मागे अडकवून समोर धरलं. सासूबाईंनी चष्मा लावून लांबूनच पाहिलं आणि नाक मुरडलं. "अगं बाई! चुलीचं तोंड बरं. हे असं देवीपुढे ठेवणार तू?"

माझी मुलगी मागून जर्मनमध्ये म्हणाली, "आई, तुला त्यांनी हात लावू नको म्हणून सांगितलंय ना?" घरातलं त्या दिवसातलं ते एकमेव शहाणं वाक्य होतं.

सासूबाईंवर सगळं ढकलणं सोपं आहे. पण बारा वर्षं त्या म्हाताऱ्याच्या तर्जनीखाली जिना पुसून माझ्याही हातांना सवय लागली होती, आणि मळलेलं कास्टिंग समोर आलं की मी ते तसं सोडू शकत नाही. दोन तास बसले. पितळी ब्रश, सॉल्व्हंट, तांब्याची जाळी. नळीतून शिशाचे चांदीसारखे पापुद्रे निघाले आणि मला केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू. नळी आरशासारखी झाली. मग तेल. नरकचतुर्दशीला पोराला लावावं तसं, सांध्यासांध्यात. शेवटी काडीने, नेम धरायच्या मागच्या खाचेजवळ कुंकवाचा ठिपका. सासूबाई म्हणाल्या, "आता कसं तेज आलं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका कास्टिंगवर लाल शिक्का मारत असताना माझा हात थांबला. त्या तीनशे फैरी कुठल्या वहीत नव्हत्या. त्या नळीत होत्या. मी त्या पुसून टाकल्या होत्या.

घरी येऊन सासूबाईंना समजावलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग कपाळाला हात लावला. "अगं, मग बिडाच्या तव्यासारखंच की! आधी बोलली असतीस तर मी तुला घासू दिलं असतं का?"

"आता काय करू?"

"गप्प बस. साफ पिस्तूल अडकत नाही ना? मग जिंकेल बिचारा. आपलं काय जातंय?"

मुद्दा बिनतोड होता. शंभर फैरी साफ पिस्तुलातून सहज जातील, साचे वाचतील, कुणाला कळणारही नाही. म्हातारा गुरुवारी दोन कुबड्यांवर परत आला, आल्याआल्या कठड्याखालून बोट फिरवलं आणि मला म्हणाला, "बरं आहे." तेव्हाच सांगायचं होतं. नाही सांगितलं. शुक्रवारी पिस्तूल परत दिलं, तेव्हाही नाही.

शनिवारी अख्खा क्लब जमला. सासूबाई शाल पांघरून काचेमागच्या खोलीत बसल्या, मांडीवर चकल्यांचा डबा. म्हातारा स्टुलावर बसला, कुबड्या भिंतीला लावल्या, पिस्तूल काढलं. स्लाइड मागे ओढली आणि थांबला. परत ओढली. कानाशी धरली. मग डोळ्याजवळ.

"फ्राऊ नाखबारीन," तो म्हणाला. शेजारीणबाई. बारा वर्षांत याहून जवळच्या नावाने त्याने मला हाक मारली नाही. "हे लाल काय आहे?"

रंग असेल, म्हणता आलं असतं. सगळे बघत होते.

"कुंकू," मी म्हटलं. "आमच्याकडे सणाला हत्यारांची पूजा करतात. मी पूजा केली. त्याआधी साफ केलं."

"बाहेरून?"

"सगळं. नळीसकट."

कुणी तरी हसलं. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "चला, चांगलं झालं. साफ आहे ना? झाडा शंभर आणि मिटवा. माझी हरकत नाही."

म्हातारा त्यांच्याकडे बघतही नव्हता. माझ्याकडे बघत होता. "तवा," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

"आल्झो," म्हणजे असं तर. "तव्याची फिट्टंफाट झाली." मग अध्यक्षांना म्हणाला, "साफ पिस्तूल चालतं हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं. ते दाखवायला मी नवा खुबा घेऊन इथे आलो नाही. आधी तीनशे, मग शंभर. शेजारीणबाई मॅगझीन भरतील. माझ्या गाडीत गोळ्यांचे चार डबे आहेत."

सकाळी दहाला सुरू झालं. पहिल्या दहा गोळ्या अक्षता टाकाव्यात तशा कागदभर पडल्या. अध्यक्षांनी भुवया उंचावल्या. पन्नाशीपर्यंत भोकं एकमेकांजवळ सरकली, शंभराला काळ्या वर्तुळात शिरली आणि तिथेच राहिली. माझे अंगठे सोलवटले. दर पन्नासाला म्हातारा हात झटकायचा, पाणी प्यायचा, पुन्हा बसायचा. दोनशेनंतर अध्यक्ष माझ्या शेजारी येऊन बसले आणि मॅगझीन भरायला लागले. तीनशेला त्याने गोळी आत सरकते ती जागा चिंधीने पुसली, फक्त तेवढीच. काचेमागे सासूबाई बोटांवर मोजत होत्या.

तीनशे एक्क्याण्णवला स्लाइड बंद होता होता बोटभर अलीकडे थांबली.

म्हाताऱ्याने गोळी काढली, पिस्तूल रिकामं केलं, कानाशी धरलं. "आता मागतंय," तो म्हणाला. "तीनशे एक्क्याण्णव. हरलो." पिशवीतून दोन्ही साचे काढून त्याने टेबलावर ठेवले, एकाच्या बाजूला एक, सरळ रेषेत.

अध्यक्षांनी साच्यांना हात लावला नाही. म्हणाले, सोमवारी समितीपुढे ठेवू. मग मला म्हणाले, उघडा, बघू तरी काय झालंय. मी तिथेच पिस्तूल उघडलं. नळी उत्तम होती. थर बसलेला, पापुद्रा नाही. पण स्लाइडच्या खाली, खाचाखाचांत, काळी लापशी साचली होती. माझं तेल आणि चारशे फैरींची काजळी, काजळाच्या डबीसारखं घट्ट. त्याने कोरडं ठेवलं होतं, मी न्हाऊ घातलं होतं.

म्हाताऱ्याने ते पाहिलं. टूलमेकर होता, चाळीस वर्षांचा. माझ्यापेक्षा आधी कळलं असणार. एक शब्द बोलला असता तर डाव फिरला असता. त्याने कुबड्या मागितल्या आणि म्हणाला, "घरी चला, शनिवार आहे, जिना राहिलाय." मी कागदाच्या रुमालावर ती लापशी पुसून घेतली आणि पिशवीत बंद केली.

म्हातारा पुढे दोन वर्षं ओतत राहिला, हे नोटिशीवरून तुमच्या लक्षात आलंच असेल. ती लागली त्या दिवशी तो तिच्यासमोर कुबडीवर रेलून उभा राहिला आणि म्हणाला, "आकडा! काय म्हणून आकडा? कान कशाला दिलेत देवाने?" गेला तोही स्वतःच्या केअरवोखेत, झाडून झाल्यावर, पुसायच्या आधी. पुसायचं मी केलं. पिस्तूल आता कागदोपत्री माझं आहे. मी दोनशे नव्वदला साफ करते, आणि नळीला हात लावत नाही.

पण सोमवारच्या समितीपर्यंत एक रविवार होता.

माझ्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. जर्मन माणसापुढे माफी मागून, गळा काढून काही होत नाही. त्याला फॉर्म भरून द्यावा. सकाळी सातला मी बसले आणि कंपनीत कास्टिंग नापास झालं की आम्ही जो आठ रकान्यांचा अहवाल लिहितो, तो लिहिला. बिघाड: स्लाइड अपुरी बंद, फैर ३९१. पुरावा: लापशीची पिशवी, फोटो चार. गोळ्यांचा संबंध: नाही. मूळ कारण: तिसऱ्या व्यक्तीने केलेली गरजेपेक्षा जास्त काळजी. 'तिसऱ्या व्यक्तीने' खोडलं आणि माझं नाव घातलं. उपाय: तेल थेंबभर, नळी जशीच्या तशी, साफसफाई उशिरात उशिरा तीनशेला. सही.

बूट घालून दार उघडलं, तर बाहेरून लाकडी पाटी लटकत होती. आमचा आठवडा नुकताच झाला होता. पाळी त्याची होती. माझ्या तेलाचा हिशेब त्याने असा मांडला होता.

खालून आवाज नव्हता, पण दारामागे तो उभा असणार याची मला खात्री होती. फॉर्म चपलांच्या कपाटावर ठेवला, बूट काढले, झाडू घेतला. वरच्या मजल्यापासून खालपर्यंत झाडलं, मग पुसलं, कठड्याच्या खालून फडकं फिरवलं. मग हात धुतले, फॉर्म उचलला आणि अध्यक्षांच्या घरी चालत गेले. रविवारी झाडू मारणं आणि रविवारी न सांगता कुणाची बेल वाजवणं, दोन्ही इथे पाप. एक करून झालं होतं. मी बेल वाजवली.